भावानं दिलेलं मलम

आमच्या बेटावर तेव्हा तीनशे अकरा माणसं राहायची आणि त्यांतल्या तीनशे दहा जणांची कातडी मी पाहिलेली होती. त्यात माझी स्वतःचीही आली. पाळकसाहेबांच्या बैठकीवरचं करट मी कापलंय. गावप्रमुखाच्या जांघेतलं गजकर्ण नऊ वर्षं माझ्याकडे येतंय. दर वेळी तो म्हणतो, हे शेवटचं हं सेमिसी, आणि दर वेळी मी म्हणतो, हो तर. कोण कुठे खाजवतं, कुणाच्या सदऱ्याआड काय आहे, हे देवाखालोखाल मलाच ठाऊक. राहिली एक. ती माझी बहीण, मेलेनाइते.

टोंगात भाऊ वयात आला की बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. ती ज्या चटईवर निजते तिच्यावर बसत नाही. तिच्या देखत चावट बोलत नाही आणि दुसरं कुणी बोलायला लागलं तर उठून बाहेर जातो. मी बारा वर्षांचा झालो त्या दिवशी आईनं माझी उशी उचलून पोरांच्या खोपटात नेऊन टाकली. मेलेनाइते तेव्हा सतरा वर्षांची. त्यानंतर पस्तीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या घरांत राहिलो, एकमेकांच्या घरच्या मयतांना रडलो, पण तिचं अंग, तिचं दुखणंखुपणं ह्या गोष्टी माझ्या जगात नव्हत्याच. ह्याला कुणी अबोला समजेल तर चूक. हा मान आहे. माझ्या पोरांची ती आत्या, आणि आत्या म्हणजे आमच्यात घरातली सगळ्यांत मोठी, बापाहूनही मोठी. तिनं बस म्हटलं की माझा थोरला बसायचा. मी काय म्हणालो ते मग बघू.

मी बेटाचा आरोग्य अधिकारी. नाव भारदस्त आहे, पण दवाखाना दोन खोल्यांचा. नर्सची जागा दीड वर्षापासून रिकामी होती, त्यामुळे बायकांना तपासताना माझी बायको लोसा शेजारी उभी राहायची. पगार नाही, पण तोंड भरपूर. कातडीत मात्र माझा हात धरणारा आसपासच्या चार बेटांत कुणी नव्हता, हे मी तेव्हा कुणालाही ऐकवायचो. लोसालाही मीच शिकवलं. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात आहे, घरात आणखी कुणाला आहे? खरूज. मधासारखी पिवळी खपली, तीही पोरांच्या तोंडाभोवती? पू झालाय, गोळ्या द्या. कोपराच्या आतल्या घडीत लाल आणि कोरडं? इसब. कोपराच्या बाहेरच्या अंगाला चंदेरी पापुद्रे? सोरायसिस. अंगाच्या एकाच बाजूला पट्टा आणि आगआग? नागीण. फोड आले तर आधी ते घट्ट आहेत की ढिले ते बघायचं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर पाण्यानं टम्म फुगलेले, सहजी न फुटणारे फोड, त्याचं मलम आहे. पण ढिले, लिबलिबीत फोड, हात लावताच फुटणारे, ते वाईट. तिथे शेजारची चांगली दिसणारी कातडी बोटानं दाबून जरा सरकवून पाहायची. सरकली, तर त्याच दिवशी माणूस मोठ्या बेटावर धाडायचा. त्याला पेम्फिगस म्हणतात. शिकताना मी एकदाच पाहिला होता, पण विसरण्यासारखा नव्हता.

ते वर्ष खरजेचं होतं. सरकारनं ठरवलं की सगळ्या बेटांनी एकदम औषध घ्यायचं, आजारी असो की धडधाकट, म्हणजे खरजेचं मूळच उपटून निघेल. मी घराघरांत हिंडलो, चटया उन्हात घालायला लावल्या, गळ्यापासून तळव्यापर्यंत मलम कसं लावायचं ते ओरडून ओरडून सांगितलं. स्वप्नातसुद्धा मला खरूज दिसायची. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, तसं माझं झालं होतं.

आणि त्याच सुमारास चर्चमध्ये मेलेनाइतेचा आवाज कमी झाला.

ती बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत उभी राहायची. आमच्या बेटाचं गाणं तिच्या आवाजावर उभं होतं. ती खालचा सूर धरायची आणि मग बाकीच्यांना वर जायला भीती वाटायची नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिचे ओठ हलत होते, पण सूर नव्हता. मी पुरुषांच्या बाजूला होतो. मान वळवून पाहिलं नाही, कारण पाहायचं नसतं.

जेवताना लोसा म्हणाली, "तुझ्या बहिणीनं आज अळूला हात लावला नाही. नुसती पेज प्यायली. तोंड आलंय म्हणते."

"कधीपासून?"

"मला काय विचारतोस? शेजारच्याच घरात राहते. जाऊन विचार."

"लोसा."

"माहितीय गं बाई, माहितीय," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आतून गाल सोललेत. पांढरं पांढरं दिसतं."

पांढरं म्हटल्यावर मी बुरशीचे थेंब दिले. दोन आठवड्यांनी जांभळं औषध दिलं. दोन्हीचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या कुणाचं तोंड महिनाभर बरं झालं नसतं तर मी त्याला खिडकीत उभं करून, जीभ दाबून, बॅटरी मारून पाहिलं असतं. बहिणीला निरोप धाडला, की तिखट आणि आंबट बंद करा.

मार्चमध्ये मोठ्या बेटावरून खरजेच्या कामाचं पथक आलं. तीन नर्स आणि एक साहेब. सगळं बेट शाळेच्या पटांगणात जमलं. साहेबानं चारचौघांत माझं कौतुक केलं, म्हणाला असं काम कुठेच पाहिलं नाही. माझ्या गळ्यात फुलांचा हार. त्या नर्सपैकी एक वयस्क होती, शांत चेहऱ्याची. तिला बाजूला घेऊन एवढंच म्हणायचं होतं, की बाई, माझ्या बहिणीचं तोंड जरा बघता का. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण शेजारी साहेब उभा होता, गावप्रमुख होता, आणि चार पुरुषांत स्वतःच्या बहिणीच्या तोंडाबद्दल बोलायचं मला जमलं नाही. खोटं कशाला बोलू, गळ्यातल्या हारालाही ते जड गेलं असतं. सगळं बेट बरं करून दाखवलं आणि ह्याच्या घरचंच बरं होत नाही, असं म्हटलं असतं ना कुणी.

मेलेनाइते पटांगणात आलीच नाही. लोसा बोलवायला गेली तर म्हणाली, "माझा भाऊ देतोय औषध. त्याला डावलून पाहुण्यांना दाखवायला जाऊ? लोक काय म्हणतील, की सख्ख्या बहिणीचाच भरवसा नाही?"

होडी संध्याकाळी परत गेली. मी किनाऱ्यावर उभा राहून हात हलवला.

एप्रिलमध्ये अंगावर उठलं. विणकामाच्या खोपीत बायका केवड्याची पानं चिरून चटया विणतात, तिथे मेलेनाइतेचा शब्द शेवटचा. तिची चटई पाचशे माणसांच्या लग्नात ओळखू यायची. ती आता भिंतीकडे सरकून, एकटी बसायला लागली. बायका म्हणाल्या, केवडा बाधला. कुणी म्हणालं, खरूजच, भाऊ गावभर मलम वाटतो आणि बहीण खाजवते. हे दुसरं वाक्य माझ्या कानावर आलं तेव्हा मला तिच्या दुखण्याचं नाही, माझं वाईट वाटलं. हे मी आज लपवत नाही.

"काय दिसतं नक्की?" मी लोसाला विचारलं.

"ओलं दिसतं. पाठीवर, छातीच्या... वर. खपल्या आहेत. लाल आहे."

"खाज?"

"थोडी. दुखतं जास्त."

"फोड आहेत का? पाण्याचे?"

लोसानं विचार केला. "नाही," ती म्हणाली. "फोड मला एकही दिसला नाही."

प्रश्न बरोबर होता. माझ्या मास्तरांनी शिकवलेलाच प्रश्न. उत्तरही खरं होतं. ते फोड इतके ढिले, इतक्या पातळ सालीचे, की नुसतं कूस बदलल्यानं चटईला घासून फुटायचे. लोसा जाईपर्यंत तिथे उघडं मांस राहायचं. फोड नव्हतेच. ते फुटून गेलेले होते. हे डोळ्यांना कळलं असतं. त्या फुटक्या काठांवर पापुद्रा लोंबत होता, तो माझ्या डोळ्यांना शंभर पावलांवरून कळला असता. मी लोसाच्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या तोंडानं निकाल दिला. खरूज, चिघळलेली.

मलम धाडलं. गळ्यापासून तळव्यापर्यंत, रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं. आठवड्यानं परत. पुवाच्या गोळ्या धाडल्या. मग तिसऱ्यांदा मलम. मधे खाजेचं एक साधं स्टेरॉइडचं मलम धाडलं तेव्हा निरोप आला, की ह्यानं जरा बरं वाटतंय. तिथे तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. स्टेरॉइडनं खरूज बरी होत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत फिरतो. पण मला एवढंच ऐकू आलं, की बरं वाटतंय.

मे गेला. जूनच्या एका दुपारी मी दवाखान्यात बाटल्या पुसत होतो तेव्हा लोसा आत आली आणि दार लावून घेतलं. तिचे हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले होते.

"मी तिला वचन दिलं होतं तुला सांगणार नाही म्हणून," ती म्हणाली. "पण मी सांगणार. मला नरकात जायचं असेल तर जाईन."

"काय झालं?"

"तिची पाठ आखडली होती म्हणून मी खोबरेल लावत होते. जिथे काही नाही तिथे. चांगल्या कातडीवर. हळू लावत होते रे, पोराला लावतात तसं." तिनं उजवा तळहात माझ्यापुढे धरला. "आणि माझ्या हाताखाली कातडी सरकली. सरकली आणि निघून आली. उकडलेल्या बटाट्याची साल निघते तशी."

माझ्या हातातली बाटली मी टेबलावर ठेवली. ठेवली एवढं आठवतं.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मी?" लोसा ओरडली. लग्नाच्या बावीस वर्षांत ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. "मी भावजय आहे तिची! ती म्हणाली गप्प बस, की मला गप्प बसावं लागतं. तिनं मला अर्धं दाखवलं, अर्धं झाकलं. छातीवरचं तर आज पाहिलं मी. आणि तू? तू तीन महिने मला विचारतोयस, लोसा काय दिसतं, लोसा काय दिसतं. मी काय डॉक्टर आहे? अरे, चार पावलं चालत गेला असतास तर!"

मी चार पावलं चालत गेलो. वीस असतील फार तर. तिच्या दाराशी पोचलो आणि थांबलो. पस्तीस वर्षांत तो उंबरा मी ओलांडलेला नव्हता. तिचा नवरा गेला तेव्हासुद्धा मी अंगणातच बसलो होतो.

आत ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, अंगाभोवती सुती कापड. मी खाली बघत म्हणालो, "मेलेनाइते, लोसा म्हणते—"

"लोसाच्या पोटात पेजसुद्धा राहत नाही," ती म्हणाली. बोलणं जड होतं, जीभ उचलत नव्हती. "तू जा परत. मलम आहे अजून."

"मला बघावं लागेल."

बाहेर कोंबड्या केवड्याच्या ढिगात उकरत होत्या. मी तसाच उभा. मला आत जायचं होतं आणि पाय उचलत नव्हता. मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, अर्ध्या बेटाची बाळंतपणं केलेला, आणि मला त्या उंबऱ्याची भीती वाटत होती.

मग तीच म्हणाली, "सेमिसी, मी तुला आजवर कधी काही फर्मावलंय?"

"नाही."

"तुझ्या पोरांची आत्या आहे मी. मला हक्क आहे ना?"

"आहे."

"मग आज फर्मावते. आत ये आणि बघ. लाज वाटली तर ती माझ्या नावावर. लोसा, कापड काढ."

इतकं सोपं होतं ते. तिनं हे फेब्रुवारीत म्हटलं असतं, किंवा मी तिला म्हणायला सांगितलं असतं, तरी चाललं असतं. रीतीनंच बांधलेली गाठ रीतीनंच सुटत होती, पण ओढून बघायला कुणी हातच लावला नव्हता.

मी पाहिलं. काय पाहिलं ते मी डॉक्टरांना सांगितलं, इथे सांगणार नाही. ती माझी बहीण आहे. तिच्या खांद्याजवळ तळहाताएवढी कातडी चांगली राहिली होती. तिथे मी बोट टेकवलं, जरासं दाबलं आणि सरकवलं. लहानपणी समुद्रातून बाहेर येताना ती माझा हात धरायची, त्यानंतर माझा तिला हा पहिला स्पर्श. कातडी सरकली.

ती कळवळली नाही. म्हणाली, "कळलं?"

"कळलं."

"हीच का ती तुझी खरूज?"

"खरूज नाही. खरूज कधीच नव्हती. माझं चुकलं."

"औषध आहे का ह्याला?"

"आहे. मोठ्या बेटावर."

"मग झालं तर. झाक गं लोसा. पोराला घाम फुटलाय बघ."

मला पोर म्हणणारी आता ती एकटीच उरली होती.

रेडिओवरून निरोप दिला. समुद्र खवळलेला होता, होडी तीन दिवसांनी आली. ते तीन दिवस आम्ही तिला केळीच्या पानावर निजवलं, पानावर व्हॅसलीन माखून, कारण चटई अंगाला चिकटत होती. एवढी एकच गोष्ट मी त्या पाच महिन्यांत बरोबर केली.

मोठ्या बेटावरच्या डॉक्टर ओफा वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी कातडीचा कण काढून परदेशी तपासायला धाडला, पण वाट बघितली नाही. त्याच दिवशी स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेला सुरुवात केली. मग व्हरांड्यात आल्या. मी बाकावर बसलो होतो; बायकांच्या वॉर्डात मी जाणार नव्हतो.

"किती दिवस झाले सुरू होऊन?"

"पाच महिने. आधी तोंडात होतं."

"आणि ही सगळी औषधं?" त्यांच्या हातात माझं पत्र होतं. "थेंब, गोळ्या, तीनदा खरजेचं मलम. हे कुणी दिलं?"

"मी दिलं."

"बघून दिलंत?"

"नाही."

त्यांनी कपाळाला आठी घातली. "आरोग्य अधिकारी ना तुम्ही? मग न बघता कसं—"

"मी तिचा भाऊ आहे," मी म्हणालो.

डॉक्टर ओफा इथल्याच होत्या. त्यांनाही भाऊ असणार. त्यांनी पत्राची घडी घातली आणि त्या आत वॉर्डात गेल्या. त्यांनी मला झापलं असतं तर फार बरं झालं असतं.

औषधाला गुण आला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ह्याला औषध नसतं असं कुणी समजू नये. दुसऱ्या आठवड्यात नवे फोड थांबले. तिसऱ्या आठवड्यात तोंडातलं भरून आलं आणि लोसा बाहेर येऊन म्हणाली, की आज अळू खाल्लं, नारळाच्या दुधातलं, आणि मीठ कमी आहे म्हणून भांडलीसुद्धा. त्या रविवारी वॉर्डातल्या बायकांनी गाणं म्हटलं. मी व्हरांड्यात होतो. पहिल्या कडव्याला नुसताच गोंधळ होता, जो तो आपापल्या सुरात. दुसऱ्या कडव्याला खालून एक आवाज आला, बारीक, पण सरळ, आणि बाकीच्या सगळ्या त्याच्या अंगावर टेकल्या. मी बाकावर बसून रडलो. शेजारचा माणूस म्हणाला, काय हो, कोण गेलं? मी म्हणालो, कुणी नाही, माझी बहीण गातेय.

मंगळवारी ताप भरला. सोललेलं अंग म्हणजे कुंपण नसलेलं आवार. तीन महिने ते तसंच उघडं होतं, आणि जे औषध फोड थांबवतं तेच अंगाची राखण झोपवतं. डॉक्टर ओफांनी हे मला समजावून सांगितलं, मी मान डोलावली, जसं काही मला माहीतच नव्हतं. जंतू रक्तात गेले होते. चार महिने आधी आली असती तर एवढं अंग सोललंच नसतं, एवढी मात्रा लागलीच नसती. हे त्या बोलल्या नाहीत. ते मी माझं मीच मोजलं.

शुक्रवारी दुपारी लोसा बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. तिच्या मांडीवर मेलेनाइतेचं सुती कापड होतं, घडी घातलेलं.

बहिणीच्या मयतात भावाची जागा चुलीपाशी असते. ऑकलंडहून तिची दोन्ही मुलं आली, नातलग आले, तिच्या हातच्याच चटयांवर तिला निजवलं. माझी पोरं दुखवट्याच्या फाटक्या चटया कमरेला गुंडाळून खाली मान घालून वाढत होती, आणि मी मागच्या अंगणात उमूच्या, म्हणजे जमिनीतल्या चुलीच्या, खड्ड्यात तापलेले दगड लावत होतो. घरातून रडणं ऐकू येत होतं. ती आत होती आणि मी बाहेर होतो. सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. लोक म्हणाले, सेमिसीनं बहिणीचा मान राखला. मी दगड उचलत राहिलो. एकदा काठीशिवायच उचलला, तो व्रण अजून तळहातावर आहे.

दहाव्या दिवशी लोसानं तिचं घर झाडलं. संध्याकाळी ती माझ्यासमोर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन बसली.

"तिच्या उशाशी होता," ती म्हणाली. "देऊ की नको देऊ, असं दुपारपासून चाललंय माझं."

मी झाकण काढलं. आत माझी औषधं होती. म्हणजे औषधं नव्हती. थेंबांच्या रिकाम्या बाटल्या होत्या, धुऊन पालथ्या घातलेल्या. गोळ्यांची पाकिटं, एकही गोळी न उरलेली. आणि मलमांच्या नळ्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिळून, तळापासून नीट गुंडाळत आणलेल्या, केवड्याचं पान विणायच्या आधी गुंडाळतात तशा. खरजेच्या मलमाच्या तिन्ही होत्या. आमच्या बेटावर सांगितलेलं औषध पुरं करणारा माणूस मी पाहिलेला नाही. गावप्रमुखाची नळी अर्धी वापरून फेकलेली असते. पाळकसाहेब तर गोळ्या कोंबड्यांना घालतात.

त्या तीन नळ्यांकडे मी बघत राहिलो. ते मलम धडधाकट कातडीलाही चुरचुरतं. तिनं ते गळ्यापासून तळव्यापर्यंत लावलं होतं, उघड्या मांसावर, रात्रभर ठेवलं होतं, सकाळी धुतलं होतं. तीनदा.

"जळायचं ना तिला?" मी विचारलं.

लोसा डब्याकडे बघत होती. "दात आवळून बसायची. मी एकदा म्हटलं, थांबवते हे, सांगते त्याला. तर माझा हात धरला तिनं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काही सांगू नकोस, उगाच जीवाला लावून घेईल." लोसानं डोळे पुसले. "म्हणाली, भावानं दिलंय. बरोबरच असेल."

डबा दवाखान्यात आहे, टेबलावरच. बहिणीसाठी औषध मागायला कुणी भाऊ आला की मी कपाट उघडत नाही. तो खाली बघत काहीतरी पुटपुटतो, की तिला इथं-तिथं उठलंय म्हणे, थोडं मलम द्या. मी डबा त्याच्याकडे सरकवतो, आणि त्याचं बघून होईपर्यंत मी टोपी घालून त्याच्या बहिणीच्या घराकडे चालायला लागलेला असतो.